भिंतीकडे तोंड करून

लूमच्या कारखान्यात बोलायचं असेल तर आवाज काढायचा नसतो. शेकडो धोटे एकाच वेळी इकडून तिकडे आपटत असतात, त्यात माणसाच्या आवाजाला काही किंमत राहत नाही. म्हणून कारीगर ओठांनी बोलतात, हातांनी बोलतात. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. पोटावरून गोल हात फिरवला की सेठ आला. करंगळी वर करून वाकवली की कांडी संपली, म्हणजे धोट्यातलं सूत संपलं. पण खुणा थोड्या. बाकी सगळं ओठांवर. वीस फुटांवरचा माणूस काय म्हणतोय हे ते नुसतं बघून सांगतात. माझे वडील सांगायचे, आणि दादाही सांगतो.

मला ती बोली येत नाही. वडिलांनी मला कारखान्यात पाऊल टाकू दिलं नाही. "एक हाय तितं, बास," म्हणायचे. तो एक म्हणजे माझा मोठा भाऊ. दहावीनंतर तो लूमवर उभा राहिला म्हणून मी शिकलो, हे मी कुणालाही सांगायला लाजत नाही. पडघ्याच्या आतल्या बाजूला आमचं गाव. थोडी भातशेती होती, ती चुलत्यांकडे राहिली आणि वडील नारपोलीत आले. दोन खोल्यांच्या त्या घरातून मी आधी मराठी शाळेत, मग कॉलेजात आणि शेवटी इंजिनिअरिंगच्या पदवीपर्यंत गेलो. आमच्या खानदानात पदवीचा कागद पाहिलेला मीच पहिला. ज्या मास्तरांनी, ज्या बाईंनी मला हात दिला त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

पदवीनंतर मला एका विद्यापीठाच्या प्रकल्पावर सहायकाचं काम मिळालं, आणि योगायोग असा की तो प्रकल्प आमच्याच नारपोलीतल्या कारखान्यावर होता. चार विभागांनी मिळून तो घेतला होता. इंजिनिअरिंगवाले लूमचा आवाज आणि हादरे मोजणार. पदार्थविज्ञानवाले जुनं रबर आणि सुताचा कचरा दाबून लूमच्या पायाखाली ठेवायच्या गाद्या बनवणार. डॉक्टर लोक कारीगर पुरुषांची तपासणी करणार: कान, रक्तदाब, आणि पत्र्याखालच्या त्या उष्म्यात वर्षानुवर्षं उभं राहिल्याने मूल होण्यावर काही परिणाम होतो का, तेही. आणि भाषाशास्त्राच्या एक मॅडम होत्या, त्या कारीगरांची ही मुकी बोली टिपून ठेवणार होत्या. नवीन पद्धतीचे लूम येताहेत, त्यांना माणसं कमी लागतात. ही बोली आणखी किती वर्षं टिकेल सांगता येत नाही, असं त्या म्हणायच्या.

माझं काम सगळ्यांच्या मधलं. यंत्रं उचलायची, सेठला समजवायचं, कारीगरांशी हिंदीत बोलायचं, संध्याकाळी सगळं इंग्रजीत लिहून द्यायचं. ज्या कारखान्याच्या दारातून मला लहानपणी हाकलत होते तिथे गळ्यात ओळखपत्र घालून मी आत जात होतो. पहिल्या दिवशी दादाने मला लांबून पाहिलं आणि ओठांनी काहीतरी म्हणाला. मला कळलं नाही. त्याच्या शेजारच्या लूमवरचे चाचा हसले आणि माझ्या कानाशी येऊन ओरडले, "बोल रहा है, साहब आए हैं, खड़े हो जाओ!"

हे चाचा उत्तर प्रदेशातले. दादाच्या आधीपासून ते त्या कारखान्यात. त्यांचा लूम रांगेत शेवटचा, भिंतीला लागून, आणि दादाचा त्याच्या अलीकडचा.

त्या कारखान्यातली एक रीत मला तेव्हा चाचांनीच सांगितली. तिथे कानगोष्ट नसते. ओठ हलले की रांगेतल्या सगळ्यांना वाचता येतात. घरचं, भांडणाचं, लाजेचं काही बोलायचं असेल तर माणूस रांगेकडे पाठ करतो आणि भिंतीकडे तोंड करतो. भिंतीकडे तोंड करून बोलणाऱ्याकडे कुणी वळून बघायचं नाही. बघायला गेलं तरी दिसायचं नाही. "दीवार के पास जो बोला, वो दीवार का," चाचा म्हणाले.

त्या वर्षी आमच्या घरात एकच विषय होता. दादाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं.

वहिनी पडघ्याच्या पलीकडच्या गावची. घरात दोन माणसं कानांनी अधू, सासरा आणि नवरा. ती आली आणि महिन्याभरात शिकली, की त्यांच्याशी बोलताना आधी समोर यायचं, तोंड उजेडात धरायचं, मग बोलायचं. तिने मलाही शिकवलं होतं, "भावजी, खिडकीकडे पाठ करून नका बोलू त्यांच्याशी, तोंड काळं दिसतं, ओठ न्हाय दिसत." दादा कामावरून आला की दोघं स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आवाज न करता बोलायची, हसायची. आई चिडायची. "काय पाखरांसारखी चोची हलवतात!" पण ते चिडणं पहिल्या वर्षांतलं, गोड. पुढे आईच्या बोलण्यातला गोडवा गेला.

वहिनीच्या तपासण्या झाल्या. डॉक्टर बदलले. कुठल्या तरी तपासणीनंतर ती दोन दिवस पोट धरून पडून होती. दर वेळी डॉक्टर म्हणायचे, बाईत काही दिसत नाही, नवऱ्याला घेऊन या. ते वाक्य घरापर्यंत यायचं आणि उंबऱ्याशीच थांबायचं. आमच्याकडे पुरुषाला तपासायला नेत नाहीत. कुणी नको म्हणून सांगत नाही, नेतच नाहीत. मग गावाकडच्या दोन जाणत्यांनी वडिलांच्या कानावर घातलं, की पोरगा अजून जवान आहे, फारकत घेऊन दुसरी करा. वडील लगेच हो म्हणाले नाहीत. "बघू," म्हणाले. त्या 'बघू'वर वहिनीचं घर उभं होतं.

अशातच कारखान्यात प्रकल्पातल्या डॉक्टरांची तपासणी सुरू झाली. बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचे मोठे रूळ, ठेवायच्या खोलीत चादर लावून टेबल मांडलं होतं. कारीगर रांगेत उभे होते आणि थट्टेला ऊत आला होता.

"डॉक्टर साब, क्या चेक करोगे, ताना या बाना?"

"इसका ताना ठीक है, बाना ही नहीं घूमता!"

"तू अपना देख, तेरा तो पूरा बीम उतर गया है!"

मुकादमही हसत होता. चाचा म्हणाले, "मेरे तो पाँच हैं, मुझे सर्टिफिकेट दे दो, फ्रेम कराऊँगा." दादा रांगेत शेवटी होता. येईल असं मला वाटलंच नव्हतं. मी जवळ गेलो तर म्हणाला, "तुझं काम हाय ना ह्ये? मग करायला नको?" मला त्याचा अभिमान वाटला. तो आत गेला, नाव दिलं, पुढच्या आठवड्यात शहरातल्या लॅबमध्येही जाऊन आला.

रिपोर्ट ज्याचा त्यालाच मिळणार, दुसऱ्या कुणालाही दाखवायचा नाही, असा नियम होता, आणि तो योग्यच होता. डॉक्टरांनी एकेकाला खोलीत बोलावून सांगितलं. दादा बाहेर आला. मी विचारलं, तर म्हणाला, "सगळं नॉर्मल हाय."

तेच त्याने घरी आईला सांगितलं. आईने ते वडिलांना सांगताना जरा मोठ्यानेच सांगितलं, वहिनीला ऐकू जाईल असं. "भावाच्याच युनिव्हर्सिटीनं तपासलंय. मोठे डॉक्टर. आता तरी कळलं ना कुणात काय हाय ते!"

तोवर घरात निदान शंका होती. शंकेत दोघांचा वाटा असतो. त्या दिवसापासून सगळा वाटा वहिनीचा झाला. ज्या प्रकल्पाचं ओळखपत्र मी गळ्यात घालत होतो त्याचाच दाखला तिच्या विरोधात दिला जात होता. वडिलांनी 'बघू' म्हणणं सोडलं आणि गावाकडच्या जाणत्यांना निरोप पाठवला. वहिनी भाकऱ्या करत राहिली. तिने दादाला एवढंच विचारलं म्हणे, "कागद बघू?" तो म्हणाला, "तिथंच ठेवला."

दरम्यान मॅडमचं चित्रीकरण चालू होतं. बोली खरी यायला हवी तर कारीगरांना कॅमेऱ्याचा विसर पडायला हवा, म्हणून त्यांनी छोटे कॅमेरे कारखान्यातच बसवून टाकले होते. एक दारावर, एक मधल्या खांबावर आणि एक शेवटच्या भिंतीवर, चाचांच्या लूमच्या वर. तिथे झरोक्यातून उजेड येतो, त्या उजेडात समोरच्याचे ओठ स्पष्ट दिसतात, म्हणून ती जागा निवडली. कारीगरांना सांगितलं होतं, त्यांनी सह्या-अंगठेही दिले होते. पहिले काही दिवस ते कॅमेऱ्याकडे बघून केस सारखे करायचे. पुढे त्यावर सुताची धूळ बसली, आणि कॅमेरा भिंतीचाच भाग झाला.

भिंतीवर कॅमेरा लावणं म्हणजे काय, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. ज्यांची ती रीत होती त्यांच्याही नाही. त्यांना रांगेतल्या माणसांपासून लपायची सवय होती. भिंतीपासून लपायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

मॅडम नेकीच्या होत्या. दाखवल्याशिवाय वापरणार नाही, असा त्यांनी शब्द दिला होता. म्हणून एका शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, वस्तीतल्या समाजमंदिरात पडदा लावला. कारीगर आले, ज्यांची घरं इथे होती त्यांची बायकामुलंही आली. माझे वडील पहिल्या खुर्चीत होते. मॅडमना जुन्या खुणांचे अर्थ सांगणारा जुना कारीगर हवा होता, आणि मी वडिलांचं नाव सुचवलं होतं. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी शिकलेलं माणूस त्यांना काही विचारणार होतं. मागे बायकांत आई आणि वहिनी.

पडद्यावर आवाज नव्हता. आवाज लावला असता तर नुसता खडखडाट आला असता. मुके लोक हलत होते आणि वडील मोठ्यांदा सांगत होते. कान गेलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही.

"ह्यो म्हंतो, सेठ आला, बिडी टाक. ह्यो म्हंतो, येऊ दे, त्याच्या बापाची बिडी हाय काय!"

हॉल हसला. पडद्यावरचा तो कारीगर मागच्या रांगेत होता, त्याने तोंड लपवलं.

"ही खूण आमच्या वेळची. धागा तुटला. आता नवीन पोरं अशी करतात, ती आळशी हायत."

"काका, किती छान सांगता तुम्ही!" मॅडम म्हणाल्या, आणि वडिलांनी माझ्याकडे वळून पाहिलं. तसा चेहरा मी त्यांचा आधी पाहिला नव्हता.

मग भिंतीवरच्या कॅमेऱ्याची चित्रं सुरू झाली. चाचा पाठमोरे, आणि त्यांच्यासमोर दादा, उजेडात, थेट आमच्याकडे बघत असल्यासारखा. चाचांनी मान तिरकी केली तेव्हा त्यांचेही ओठ दिसले.

"चाचा इचारतो," वडील म्हणाले, "काय रे, डॉक्टर काय बोलला. हा बोलतो..."

दादाचे ओठ हलत होते. बराच वेळ हलत होते. त्याने एकदा डोळे पुसले, घाम पुसतात तसे. वडील बोलायचे थांबले.

मला काही कळत नव्हतं, पण हॉलमधला बदल कळला. मागचे कारीगर हसायचे थांबले होते. कुणीतरी खुर्ची सरकवली. दादा दाराशी उभा होता तो बाहेर निघून गेला.

"काका, पुढे काय म्हणताहेत?" मॅडमनी लिहिता लिहिता विचारलं.

वडील पडद्याकडेच बघत होते. "काय न्हाय," ते म्हणाले. "चहाचं बोलतात. चहा थंड येतो, म्हंतात."

मॅडमनी ते लिहून घेतलं. मी मागे वळून पाहिलं. आई शेजारणीशी काहीतरी बोलत होती, तिला ओठ वाचता येत नाहीत. वहिनी पडद्याकडे बघत होती. चित्र बदललं, दुसरे कारीगर आले, खुणा करू लागले, तरी ती तशीच बघत राहिली.

बाहेर चाचा भेटले. मी विचारलं. मग म्हणाले, "बेटा, अब क्या छुपाना. उसने मुझे बोला था, खराबी मुझमें है, डॉक्टर ने साफ बता दिया. औलाद का चांस नहीं. बोला, घर में उल्टा बोल के आया हूँ, अब सीधा कैसे बोलूँ." त्यांनी हात जोडले. "मैंने दीवार की बात दीवार पे रखी थी. कसम से."

दुसऱ्या दिवशी वडील माझ्यासोबत मॅडमकडे आले, आणि एवढंच म्हणाले, "तो चहाचा भाग काढून टाका." मॅडमनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. काढून टाकला.

मला वाटलं होतं, आता निदान फारकतीचं थांबेल. वडिलांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं. घरी कुणी एक शब्द काढला नाही. वडील जेवले, दादा जेवला, वहिनीने ताटं उचलली. जाणत्यांना पाठवलेला निरोप परत फिरला नाही.

मी दादाला चहाच्या टपरीवर गाठलं. त्याच्या समोर उभा राहिलो, तोंड उजेडात धरून. म्हटलं, "तू बोल. तू एकदा सांग सगळ्यांना."

"कुणाला सांगू?"

"बाबांना. तिच्या भावाला. आता लपवून काय राहिलंय? अख्ख्या हॉलने वाचलं."

तो ग्लास फिरवत राहिला. "म्हाईत असणं येगळं, तोंडानं बोलणं येगळं," तो म्हणाला. "आज कारखान्यात सगळ्यांना म्हाईत हाय. पण माझ्यासमोर कुणी न्हाय बोलत. का? मी न्हाय बोललो म्हणून. मी बोललो, की उद्यापासून पोरं बोलतील. मग रोज तितं उभं राहायचंय मला."

"आणि वहिनी?"

त्याने ग्लास ठेवला. "तिला दुसरा भेटंल," म्हणाला. "पोरंबी होतील तिला. तिचं भलंच हाय ह्यात."

त्याने स्वतःला हे किती वेळा सांगितलं असेल कोण जाणे. इतकं सफाईने सांगितलं, की क्षणभर मलाही ते बरोबर वाटलं.

वहिनी मात्र थांबली होती. स्वयंपाकघरात मी पाणी प्यायला गेलो तेव्हा ती चाकवताची पानं खुडत होती. मान वर न करता म्हणाली, "भावजी, मी वाचलं ते खरं ना? मधे चाचांचं डोकं आलं, एक-दोन शब्द सुटले माझे."

"खरं," मी म्हणालो.

"मना मूल न्हाय झालं तरी चालंल. आपण काय, दिवस काढू. पण त्यांनी एकदा म्हणावं, हिच्यात काय न्हाय म्हणून. चार माणसांत नको तर घरात म्हणावं. आईंसमोर म्हणावं." मग ती म्हणाली, "माझ्यासमोर तरी."

पुढच्या शुक्रवारी माणसं आली. गावाकडचे ते दोन जाणते, वहिनीचा भाऊ, तिचा चुलता. पुढच्या खोलीत सतरंजी घातली होती. वहिनी आतल्या दाराला टेकून उभी होती, दादा समोर भिंतीला टेकून. त्या दोघांच्या मध्ये काही नव्हतं. दोघांचे चेहरे एकमेकांना दिसत होते, उजेडही होता.

वडिलांनी बोलायला सुरुवात केली आणि मी चमकलो. त्यांनी मूल नसल्याचा विषयच काढला नाही. "दोघांचं पटत न्हाय," ते म्हणाले. "रोजची कटकट. दोष कुणाचाच न्हाय. पटत न्हाय तर येगळं झालेलं बरं."

"पटत न्हाय?" वहिनीचा भाऊ म्हणाला. "कालपर्यंत तर पोर होत न्हाय म्हणून बोलवत होतात. आता पटत न्हाय?"

"तेबी हायच," एक जाणता म्हणाला. "पोराचा रिपोर्ट नॉर्मल हाय, ऐकलं आम्ही."

मग मी बोललो. म्हटलं, रिपोर्ट नॉर्मल नाही. दोष वहिनीचा नाही, दादाच्या तपासणीत निघालाय. आणि तोही त्याचा गुन्हा नाही, कुणाच्याही शरीरात असू शकतं. उष्म्याने होतं की कशाने, हे अजून डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. मी वाचलेलं, शिकलेलं, जे काही मला त्या प्रकल्पातून कळलं होतं ते सगळं मी त्या सतरंजीवर मांडलं.

मग दुसऱ्या जाणत्याने विचारलं, "कागद हाय का?"

"कागद त्याच्याकडे आहे."

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "न्हाय माझ्याकडं."

"त्याचं सोडा," वडील म्हणाले, आणि हसले. "पुस्तकं वाचून वाचून त्याला घरात बी रोग दिसाया लागलेत. मागं मना म्हंत होता, बिडीनं कॅन्सर होतो. चाळीस वर्षं वढतोय."

जाणते हसले. वहिनीचा चुलताही हसला, कारण हसल्याने खोलीतला ताण गेला. मी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा दारातून वहिनी म्हणाली, "भावजी, तुम्ही नका."

ती दादाकडे बघत होती. तिचे ओठ हलले, आवाज न करता. काय म्हणाली ते मला वाचता आलं नाही, पण वडिलांनी मान खाली घातली, म्हणजे त्यांनी वाचलं. दादानेही वाचलं. उत्तर द्यायला आवाजाचीसुद्धा गरज नव्हती. त्याने नुसते ओठ हलवले असते तरी तिला पुरलं असतं.

दादाने तोंड भिंतीकडे वळवलं.

वहिनी आत गेली. ट्रंक ओढल्याचा आवाज आला. आई मदत करायला म्हणून उठली, आणि दारापर्यंत जाऊन परत येऊन बसली.

नंतरचं सगळं कागदोपत्री, दोघांच्या संमतीने, रीतसर झालं. प्रकल्पही संपला. रबराच्या गाद्या काही दिवस दोन लूमखाली होत्या. लूम सरकतो, धागा तुटतो, असं म्हणून सेठने त्या काढून मागे टाकल्या, आणि पावसात त्या फुगल्या. चारही विभागांचे लेख इंग्रजीत छापून आले. प्रत्येकाच्या शेवटी आभारात माझं नाव आहे. मॅडमनी मला पुढच्या शिक्षणासाठी शिफारसपत्र दिलं, आणि त्यांच्यामुळे आज मी जिथे आहे तिथे आहे. भाषेच्या लेखात भिंतीच्या रितीबद्दल एक परिच्छेद आहे. चाचांनी सांगितलेली माहिती मीच इंग्रजीत लिहून दिली होती. त्यात म्हटलंय, की कारीगर अशा प्रकारे खासगीपणा जपतात.

दादाचं दुसरं लग्न झालं. मुलगी वाडा तालुक्यातली, घरची गरीब, वयाने त्याच्यापेक्षा बरीच लहान. लग्नाआधी मी तिच्या वडिलांना गाठून सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, "पावनं, आमच्या अजून तिघी हायत." नवीन वहिनीही भली आहे. दादाशी बोलताना ती मोठ्याने ओरडते. समोर यायचं, उजेडात तोंड धरायचं, हे तिला अजून कुणी शिकवलेलं नाही. दादानेही नाही.

पहिल्या वहिनीचं लग्न झालं नाही. मूल न होणारी म्हणून परत आलेली, हे तिच्या गावात तिच्याआधी पोचलं होतं. आता ती मानकोलीला एका गोदामात पार्सलं लावते. गेल्या महिन्यात मी कामानिमित्त तिकडे गेलो होतो, तर नाक्यावर ती गाडीची वाट बघत उभी दिसली, गोदामाचं जाकीट घातलेली. जाऊ की नको असं झालं. तिनेच हाक मारली.

"भावजी! बारीक झालात."

इकडचं तिकडचं बोललो. आईचे गुडघे, वडिलांचं कानाचं मशीन, जे ते लावत नाहीत. दादाबद्दल तिने विचारलं नाही. मग म्हणाली, "नवीचं कसं हाय?"

"बरं आहे."

"काय होय-न्हाय?"

"नाही अजून." मला लपवता आलं नाही. "आई तिला घेऊन जाते. कुणीतरी झाडपाल्याचा माणूस आहे, त्याच्याकडे."

वहिनी रस्त्याकडे बघत राहिली. कंटेनर जात होते, एकामागून एक, धूळ उडवत. तिची गाडी आली, बायका चढू लागल्या. तिने पदर खोचला, पाय पायरीवर ठेवला आणि मागे वळली.

"काळा काढा देतो तो, हिरव्या बाटलीतला," ती म्हणाली. "लय कडू असतो, उलटी होते. नाक दाबून घ्यायला सांगा तिला. आणि वरून लगेच गूळ खायचा, पाणी न्हाय प्यायचं. पाण्यानं आणखी चढतो."

गाडी निघून गेली. मी घरी आलो. आई देवळात गेली होती. नवीन वहिनी ओट्याशी उभी होती, हातात ती बाटली. मी तिला सांगितलं, नाक दाबून घे, वर गूळ खा, पाणी पिऊ नको.

"तुमाला कसं ठाव?" तिने विचारलं.

मी तिला कसं ते सांगितलं. कुणी सांगितलं, आणि का सांगितलं, दादाच्या रिपोर्टासकट सगळं सांगितलं. ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने एकदा बाहेरच्या दाराकडे पाहिलं, नाक दाबलं, आणि काढा पिऊन टाकला.